सोडून राह्यली

पुण्याला माहितीपटाचा कोर्स करायला गेले तेव्हा वर्गात माझ्याआधी माझी भाषा प्रसिद्ध झाली. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. वर्गातल्या एका मुलीचा दुपारी फोन आला, जेवायला येतेस का म्हणून. मी मेसमध्ये ताटावरच बसले होते. म्हटलं, "मी जेवून राह्यली." तिला वाटलं, माझं जेवण उरकलं. ती एकटीच कुठंतरी जाऊन सँडविच खाऊन आली आणि संध्याकाळी माझ्यावर फुगून बसली. मग मी तिला समजावून सांगितलं की आमच्या बुलढाण्याकडे 'जेवून राह्यली' म्हणजे जेवते आहे. आत्ता. घास तोंडात आहे. झालेलं नाही, चाललेलं आहे. ती पोट धरून हसली. नंतर कितीतरी दिवस तिने हा किस्सा भेटेल त्याला सांगितला, माझ्यासमोर, माझ्या खांद्यावर हात ठेवून. पुढे हीच मुलगी आमच्या फिल्मची दिग्दर्शिका झाली. 'राह्यली'चा अर्थ तिला माहीत होता, एवढं लक्षात असू द्या.

कोर्सच्या शेवटी गटागटाने एकेक माहितीपट करायचा होता. आमच्या गटात दिग्दर्शन तिने घेतलं. कॅमेरा ज्याच्याकडे स्वतःचा कॅमेरा होता त्याने घेतला, संकलन ज्याच्याकडे भारी लॅपटॉप होता त्याने. उरला आवाज. आवाजाला कुणीच तयार नव्हतं, कारण आवाजवाल्याचे फोटो कुणी काढत नाही. मग सगळ्यांचं एकमत झालं की मी गावाकडची आहे, उन्हात लांब दांडीचा माइक धरून उभी राहू शकेन. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं. पुढे जे झालं त्यामुळे ते आवडणं खोटं ठरत नाही.

विषय माझ्याकडूनच गेला. मी सहज बोलता बोलता काकूचं सांगत होते. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. देऊळघाटला आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून आहेत. काकू वांगी, मेथी, पालक, सांबार पिकवते. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्यात दर वेळी सांगावं लागायचं. सकाळी माल स्कूटीवर बांधून ती स्वतः बुलढाण्याच्या मार्केटला नेते. काका शेगावला एका लॉजवर कामाला. भक्तांना खोल्या दाखवायच्या, चादरी मोजून घ्यायच्या, गर्दीच्या दिवशी भांडणं सोडवायची. सुट्टीला ते घरी येतात. परत जायच्या दिवशी काकू त्यांना स्कूटीवर मागे बसवते, त्यांच्या मांडीवर पालकाचं गाठोडं देते, बुलढाण्याच्या स्टँडवर सोडते आणि मग मार्केटला जाते.

"म्हणजे बाई गाडी चालवते आणि नवरा मागे भाजी धरून बसतो?" तिने विचारलं.

"हो."

"मग नवरा करतो काय?"

मी आत्ताच सांगितलं होतं नवरा काय करतो. पण तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाली, "ही आपली फिल्म."

काकूने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. नाही म्हटलं कारण तिला वाटलं टीव्हीवाले आहेत. हो म्हटलं कारण मी होते. "तू हायेस ना त्याच्यात? मंग काय भेव हाय," एवढंच ती म्हणाली. तिच्या होकाराचं सगळं कारण एवढंच होतं.

शूटिंगचे दिवस चांगले गेले, हे कबूल करायला हवं. मी तिथे खरोखर शिकले. लेपल माइक पदराखाली कुठे लपवायचा म्हणजे लुगड्याची सळसळ येणार नाही, ते शिकले. काकूच्या बांगड्या वाजायच्या म्हणून त्यांच्यावर रबर चढवलं, तर ती म्हणाली, "हे काय माह्या हाताले बेड्या घालून राह्यली?" बूमच्या, म्हणजे त्या लांब दांडीच्या माइकच्या, टोकाला वाऱ्यासाठी केसाळ टोपडं असतं. काकूने त्याला पाहिल्या पाहिल्या 'जाळे काढाचा झाडू' म्हटलं आणि मी खोलीत शिरले की कोपऱ्याकडे बोट दाखवायची, तिथलं राह्यलं बाई. तीच सगळ्यांना चहा द्यायची. तिच्या भाषेत चाय.

एक गोष्ट मात्र तिला शेवटपर्यंत जमली नाही. प्रत्येक जागी शूटिंग झालं की आवाजवाल्याला त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करावी लागते. त्याला रूम टोन म्हणतात. सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं, मी हेडफोन लावून ऐकत राहायचं. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो हे मला तेव्हा कळलं. पत्र्याचा, दूरच्या मोटरपंपाचा, माणसांच्या श्वासाचा. काकू थोडा वेळ कशीबशी तोंड दाबून उभी राहायची आणि मग विचारायची, "काय ऐकून राह्यली वं?"

"काहीच नाही, काकू."

"मंग कायनाय त एवढी मान वाकडी करून काऊन उभी हायेस?"

सगळे हसायचे. परत पहिल्यापासून शांतता. माझ्याकडे काकूच्या त्या बिघडवलेल्या शांतता अजून आहेत. मी त्या पुसल्या नाहीत.

काका त्या दिवसांत खास रजा काढून आले होते. रोज इस्त्रीचा शर्ट. पांढरा एक आणि आकाशी एक, आलटून पालटून. कॅमेरावाल्याने सांगितलं की पांढरा नको, उन्हात फार चमकतो. मग काकांनी आकाशीच रात्री धुऊन सकाळी घालायला सुरुवात केली. वांग्याच्या वाफ्यात ते काकूसोबत वाकून उभे राहायचे, आणि दिग्दर्शिका गोड आवाजात म्हणायची, "काका, तुम्ही जरा बाजूला होता का? फक्त या शॉटपुरतं." काका व्हायचे. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. शूटिंगमध्ये सगळ्यांनाच बाजूला व्हावं लागतं.

काकांची रजा संपली त्या सकाळी आम्ही स्टँडवरचं शूटिंग केलं. काकू काकांना घेऊन आली, मांडीवर गाठोडं होतंच. कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे. मी भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर, कानाला हेडफोन, काकूच्या पदराखालच्या माइकमधून येणारा प्रत्येक श्वास ऐकत. काका उतरले, गाठोडं पायदानावर ठेवलं, बॅग खांद्याला लावली. तेवढ्यात काकूचा फोन वाजला. माझ्या आईचा होता. कुठे पोचलात, एवढंच विचारायला.

काकू म्हणाली, "इथंच. मी त्यायले सोडून राह्यली."

त्या वेळी नेमकी एकही बस सुरू नव्हती. कंडक्टर ओरडत नव्हता, कुणी हॉर्न मारत नव्हतं. वाक्य इतकं स्वच्छ आलं की मी जागच्या जागी मूठ वळली. काकूचा आवाज जरा थकलेला, जरा मायेचा, नवरा परत चालला म्हणून शेवटाला थोडा उतरलेला. कोर्समध्ये मी केलेलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग ते. आजही मी तसंच म्हणेन. माझी त्यात काही चूक नव्हती, आणि हे मी नम्रपणे सांगत नाही.

निघायच्या दिवशी दिग्दर्शिका काकूच्या गळ्यात पडून रडली. तिचं प्रेम खरं होतं. खोटं असतं तर मला पुढचं सोपं गेलं असतं.

पुण्यात आल्यावर संकलन सुरू झालं. मी विचारलं, काकूचं बोलणं मी उतरवून देते, कुठे काही अडायला नको. दिग्दर्शिका म्हणाली, "तू नको. तुला ती भाषा सवयीची आहे, त्यातलं विशेष काय ते तुझ्या लक्षात येणार नाही. बाहेरचा कान पाहिजे." वाक्य ऐकायला हुशारीचं वाटलं. मला दुसऱ्या लॅपटॉपवर बसवून कुत्र्याचं भुंकणं काढायला सांगितलं. आठवडाभर मी देऊळघाटची कुत्री काढत बसले.

पूर्ण फिल्म मी पहिल्यांदा सगळ्यांबरोबरच पाहिली, इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये. अंधार झाला, आणि पडद्यावर नाव आलं: 'सोडून राहिले'. नाव वाचून मला आधी काही कळलंच नाही. मग काकू दिसली. वाफ्यात एकटी. चुलीपाशी एकटी. स्कूटीवर एकटी, मागची सीट रिकामी. म्हणजे मार्केटमधून परत येतानाचे सगळे शॉट, जातानाचा एकही नाही. काका कुठेच नव्हते. त्यांचा आकाशी शर्ट एका ठिकाणी दोरीवर वाळत होता आणि तेवढ्यावर कॅमेरा बराच वेळ थांबला होता, जणू माणूस गेला आणि कपडा तेवढा मागे राहिला.

शेवटी काकू मोकळ्या रस्त्याने दूर जाते. सगळे आवाज हळूहळू काढून घेतलेत. आणि मग फक्त तिचं वाक्य. मी त्यायले सोडून राह्यली. खाली मोठ्या अक्षरांत मराठी सबटायटल: 'मी त्यांना सोडलं. आणि राहिले. एकटी.'

हॉलमध्ये कुणीतरी उसासा टाकला. माझ्या शेजारची मुलगी डोळे पुसत होती. टाळ्या वाजल्या. आवाजासाठी वेगळ्या वाजल्या.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी दिग्दर्शिकेला गाठलं. म्हटलं, "याचा अर्थ तो नाही."

"कशाचा?"

"ती स्टँडवर काकांना सोडत होती. सोडून राह्यली म्हणजे सोडते आहे. जेवून राह्यलीसारखं."

तिच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काहीतरी येऊन गेलं. ते मी पाहिलं. तिला तो किस्सा आठवला होता, सँडविचसकट. इतके दिवस तिने आमची भाषा गंमत म्हणून वापरली, पण कामाच्या वेळी ती आठवायची गरज तिला पडली नाही. मग ती म्हणाली, "अगं, पण ऐकताना तसंच ऐकू येतं ना."

"तुला."

"प्रेक्षकांना. आणि तसंही, ती एकटीच तर सगळं करते. आतून बघितलं तर ते खरंच आहे."

मी सरांकडे गेले, ज्यांच्या देखरेखीखाली फिल्म झाली होती त्यांच्याकडे. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तू नात्यात अडकली आहेस. पडद्यावर आल्यावर ती तुझी काकू राहत नाही, ती एक प्रतिमा होते." मी म्हटलं, "सर, पण सुट्टीला काका घरी येतात ते प्रतिमेकडे येत नाहीत." ते हसले. विद्यार्थ्याने बरं वाक्य टाकलं की शिक्षक हसतात तसं. पुढे काही झालं नाही.

बदल करू, असं मला तोंडभरून सांगण्यात आलं. मग कळलं की फिल्म एका महोत्सवाला पाठवून झाली आहे. मग पोस्टर छापून झालं. नाव बदललं तर सगळंच बदलावं लागेल. कॅमेरावाला मला बाजूला घेऊन म्हणाला की शेवटी श्रेयनामावलीत तुझं नाव आधी टाकू, माझ्याही वर. मी म्हटलं, माझं नाव काढा. ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढलं. माझ्या सांगण्यावरून एवढं एक काम त्यांनी वेळेवर केलं.

फिल्मचा शेवटचा तुकडा इन्स्टिट्यूटने इंटरनेटवर टाकला. वर लिहिलं होतं, नवऱ्याला सोडून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या एका शेतकरी स्त्रीची कहाणी. पुढे ते कुणी कुणाला पाठवलं देव जाणे. शेगावच्या लॉजवर मॅनेजरने काकांना काउंटरवर बोलावून मोबाइल दाखवला आणि हळू आवाजात विचारलं, "घरी काही झालं का? आम्हाले सांगाचं तरी." चाव्या घ्यायला आलेली माणसं समोर उभी होती.

मला वाटलं होतं, आमच्या माणसांना तरी खरं कळेल. राह्यलीचा अर्थ देऊळघाटला कोण सांगणार? पण आमच्या भाषेतही 'सोडून राह्यली' म्हणजे कुठे पोचवून सोडते आहे की कायमचं सोडते आहे, ते समोर पाहूनच कळतं. समोर स्टँड असेल तर स्टँडवर. आणि समोर रिकामी सीट, मोकळा रस्ता आणि खाली ठळक अक्षरं असतील तर कायमचं. आमच्या माणसांनी कानापेक्षा छापलेल्यावर विश्वास ठेवला. आपल्यापैकीच कुणीतरी शिकलेल्याने लिहिलंय, म्हणजे खरं असणार. त्यातून मी त्यांच्यात होते. पुतणीच होती तिथं माइक घेऊन, म्हणजे घरातलंच काही बाहेर आलं असेल, असंही लोक बोलले.

वडिलांचा फोन आला. ते रागावले नाहीत, तेच मला लागलं. म्हणाले, "तुह्या काकाले बोल." काकांनी फोन घेतला. मी घडाघडा सगळं सांगायला लागले, सबटायटल, संकलन, बाहेरचा कान. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते जाऊ दे बाई. तुही काकू काय बोलली ते मले माईत हाय, मी तथंच उभा होतो. पण मी काऊन नाई त्याच्यात? एवढे दिवस त म्या शर्ट धुतला."

  बाजूला व्हा म्हणणारी मी नव्हते, पण ते ज्या घरात बाजूला झाले ते घर मी दाखवलं होतं, आणि हा राग माझ्या अंगातून जात नाही. फिल्मवाल्यांचाही येतो, माझाही येतो. जास्त त्यांचाच येतो.

त्यानंतर काका स्कूटीवर मागे बसेनासे झाले. ते फाट्यापर्यंत चालत जातात आणि काळीपिवळी जीपमध्ये बसतात. आईने मला सांगितलं की पहिल्या वेळी काकूने गाडी काढून दारात उभी केली होती, गाठोडंही बांधलं होतं. म्हणाली, "बसा ना." काका म्हणाले, "नको. लोकं पाहून राह्यले." आणि चालायला लागले. काकू गाडीवर तशीच बसून राहिली. आता ती खरंच एकटी जाते. फिल्ममध्ये दाखवलं होतं अगदी तसं. दिग्दर्शिकेला हे कळलं तर ती म्हणेल, बघ, मी म्हटलं नव्हतं का.

महोत्सवात फिल्मला बक्षीस मिळालं. बातमी ग्रुपवर आली, तेव्हा मी तो ग्रुप सोडला. कोर्स संपवून मी सुट्टीला घरी आले. बॅग ठेवली आणि आधी काकूकडे गेले. ती ओट्यावर मेथीचा ढीग घेऊन बसली होती. मला वाटलं होतं, ती बोलणार नाही, किंवा खूप बोलेल, शिव्या देईल. दोन्हीची तयारी करून गेले होते.

ती हसली. म्हणाली, "ये. बस. कधी आलीस? चहा घेशील का?"

मला एकदम कळलं नाही की काय खटकलं. मी म्हटलं, "काकू, चाय म्हण ना."

"चहा ठेवते," ती म्हणाली, आणि शब्द इतका सांभाळून उच्चारला, जसा शाळेत कुणी उभं राहून धडा वाचतं. नंतरही ती तशीच बोलत राहिली. वांगी यंदा बरी आहेत. काका शेगावला आहेत. ते शनिवारी येणार आहेत. एकेक वाक्य पूर्ण, क्रियापद जागच्या जागी, कुठे दुसरा अर्थ निघायला फट नाही. जन्मभर मला वं आणि बाई म्हणणारी माझी काकू माझ्याशी बातम्यांसारखी बोलत होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं, कुणी काय केलं, मी कुणाशी भांडले. ती मान डोलावत होती. "तुझी काही चूक नाही," ती म्हणाली. तेही शुद्ध.

मी तिच्या शेजारी बसून मेथी घेतली. आम्ही दोघी गप्प. तीच जुनी शांतता, पत्रा, मोटरपंप, श्वास. मला वाटलं, आता ती विचारेल काय ऐकून राह्यली म्हणून. तिने विचारलं नाही. या वेळी तिला गप्प बसणं नीट जमलं.

तेवढ्यात पलीकडच्या अंगणातून शेजारणीने हाक मारली, "काय करून राह्यली वं?"

"मेथी निसून राह्यली," काकू सवयीने ओरडली. जुना आवाज, मोकळा, अंगणाच्या पलीकडे पोचणारा. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. माझ्या हातात मेथीशिवाय काही नव्हतं, मोबाइल घरी बॅगेत होता. तरी तिने पदर छातीशी नीट केला, जिथे मी माइक लावायचे तिथे हात फिरवून पाहिला, आणि मला ऐकू जाईल असं हळू म्हणाली, "म्हणजे, मी मेथी निवडत आहे."